पूर यायच्या वीस वर्षं आधी शहरात काय चालू असायला हवं

प्रश्न असा आहे: पाऊस, भूकंप, वादळ थांबवणं कुणाच्या हातात नाही. मग शहर नैसर्गिक आपत्तीचा धोका ‘आधीपासून’ कमी करतं म्हणजे नेमकं काय करतं? बोटी, दोर, नियंत्रण कक्ष, हेल्पलाइन याच्यापलीकडे काही असतं का? आणि शेवटी, यात सामान्य माणसाने काय करावं?

बोटींपलीकडे असतं, आणि बरंच असतं. नगररचना आणि पावसाळी पाण्याचा निचरा या दोन खात्यांच्या मध्ये माझी चोवीस वर्षं गेली. बोटींची चेष्टा मी कधीच करणार नाही, त्या लागतात. पण बोट लागली म्हणजे पाणी घरात शिरलंय, आणि ते घर त्या जागी बांधायला कुणीतरी कधीतरी सही करून परवानगी दिलेली असते. किंवा परवानगी नसताना बांधलं जात होतं तेव्हा कुणीतरी तिकडे बघितलं नव्हतं. शहराची निम्मी आपत्ती त्या दिवशीच ठरते. म्हणून माझं उत्तर आपत्ती व्यवस्थापन विभागापासून सुरू होत नाही. ते नकाशे, परवाने आणि देखभालीच्या अंदाजपत्रकापासून सुरू होतं. रुक्ष आहे, पण काम तिथेच आहे.

पहिला नकाशा. कुठे पाणी भरतं, कुठली जमीन भुसभुशीत आहे, कुठला उतार सुटू शकतो, कुठल्या वस्तीत सावली नाही, हे कागदावर आल्याशिवाय पुढचं सगळं हवेत. आजकाल संगणकावर पुराचं प्रारूप (मॉडेल) चालवतात आणि छान निळे रंग येतात. त्या रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नका.

एका लहान शहराचा पूरनकाशा करताना आमच्या प्रारूपात एक गल्ली कोरडी ठणठणीत दिसत होती. पडताळणीला गेलो तर तिथल्या एका आजींनी आम्हाला आत नेलं आणि नातवाला कपाट सरकवायला लावलं. मागे भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर गढूळ पाण्याची रेघ. “तुमच्या कागदात नसेल, पण माझ्या घरात तीनदा आलंय,” म्हणाल्या. दोन दिवस शोधल्यावर कारण सापडलं. गल्लीच्या खालच्या अंगाला रस्त्याच्या भरावाखाली पाणी जायला एक मोरी होती. प्रारूपात ती पूर्ण उघडी धरली होती. प्रत्यक्षात कधीतरी कुणीतरी पिण्याच्या पाण्याची जलवाहिनी त्याच मोरीतून आडवी काढली होती, तिला प्लास्टिक अडकून अर्ध्याहून जास्त तोंड बुजलं होतं. दोन खाती, दोन कंत्राटं, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. तेव्हापासून नकाशा अंतिम करण्याआधी प्रत्येक मोरीत माणूस उतरवून बघायचा हा माझा नियम झाला.

नकाशावरच्या ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनी फार नुकसान केलंय. लोकांना वाटतं, मागच्या वर्षी येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का असते. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर ते फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात घर असेल तर ७० टक्क्यांच्या पुढे. आणि ही गणितं जुन्या पावसाच्या नोंदींवरची आहेत. हवामान बदलत असताना ती दर काही वर्षांनी नव्याने मांडावी लागतात.

नकाशानंतर येतो भूवापर, म्हणजे कुठे बांधायचं नाही हे ठरवणं. हे सर्वात स्वस्त आणि सर्वात अवघड. स्वस्त, कारण यात काँक्रीट लागत नाही. अवघड, कारण ज्याची जमीन नदीकाठी आहे त्याला ‘नाही’ सांगावं लागतं. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली. नदीकाठच्या उपनगरांत हादऱ्याने ओली वाळू चिखलासारखी पातळ झाली आणि घरं तिच्यात कलली, खचली. शेवटी सरकारने सुमारे ८,००० घरांचा पट्टा राहण्यास अयोग्य ठरवून विकत घेतला. अशा जमिनीचं असं होऊ शकतं हे अभियंत्यांना भूकंपाआधीच ठाऊक होतं. ती माहिती अहवालात होती, परवानगीच्या टेबलापर्यंत पोचली नाही.

उलट उदाहरण नेदरलँड्सचं. १९९५ मध्ये नद्या इतक्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं, पण बांध टिकले. नेहमीच्या पद्धतीने बांध आणखी उंच करता आले असते. त्यांनी ठरवलं, नदीला जागा द्यायची. नाइमेखेन शहरासमोर लेंट इथे बांध ३५० मीटर मागे सरकवला, नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला, त्यासाठी पन्नासेक घरं हटवली. आज तिथे लोक फिरायला जातात. मागे सरकणं म्हणजे हार मानणं असं आपल्याकडच्या बैठकांत मानतात, म्हणून हे उदाहरण मी पुन्हा पुन्हा सांगतो.

मोकळं सोडणं म्हणजे ओसाड सोडणं नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. रिकामी पूरजमीन फार दिवस रिकामी राहत नाही. तिला मैदान, बाग, रोपवाटिका असा काहीतरी वापर आणि राखणदार दिला नाही तर दहा वर्षांत तिथे वस्ती होते, आणि ती सर्वात गरीब माणसांची होते. ब्राझीलच्या कुरितिबाने नदीकाठी उद्यानं केली त्यामागे हाच हिशेब होता. मूळ मुद्दा मात्र गरिबाला परवडेल अशी सुरक्षित जागा शहरात दुसरीकडे आहे का, हा आहे. ती नसेल तर पूररेषा हा फक्त रंगीत पेन्सिलीचा खेळ.

आता निचरा, म्हणजे माझा विषय, तेव्हा थोडा सैल सुटतो.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहराची ही दोन टोकं! पहिला धडा साधा आहे: शहरात दोन पर्जन्यमापक असतील तर तुम्हाला पाऊस माहीत नाही. दुसरा जास्त कडू. त्या शहराची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, एवढं गृहीत धरून बांधलेली होती. ती क्षमता दुप्पट करा असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये तयार होता. बारा वर्षं आधी.

पण समजा ती दुप्पट झाली असती. तरी त्या दिवशी पाणी साचलंच असतं, कारण पडणारा पाऊस त्याच्या कितीतरी पट होता. कितीही मोठं गटार बांधा, कधीतरी ते अपुरं पडणारच. म्हणून आराखडा घेऊन येणाऱ्या प्रत्येक सल्लागाराला मी एकच विचारतो, “गटार भरल्यावर पुढचं पाणी कुठून जाणार?” बहुतेकांकडे उत्तर नसतं.

कोपनहेगनने हे उत्तर नीट लिहून काढलं. २ जुलै २०११ ला तिथे दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस झाला आणि तळघरं, रस्ते पाण्याखाली गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला आणि त्यात एक मोजता येईल असं वाक्य घातलं: शंभर वर्षांतून एकदाच्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको. ते साधायला फक्त वाहिन्या मोठ्या केल्या नाहीत. काही रस्त्यांचा छेदच, म्हणजे आडवा आकार, असा बदलायचं ठरलं की जादा पाऊस रस्त्यावरूनच ठरलेल्या दिशेने बंदराकडे जाईल. बागा खोलगट केल्या. एंगहावपार्कन या जुन्या उद्यानात आता २२,६०० घनमीटर पाणी तात्पुरतं थांबू शकतं. रॉटरडॅममध्ये २०१३ साली बेंथेमप्लाइन चौक असाच केला: एरवी बास्केटबॉलचं मैदान, जोराच्या पावसात तलाव. अशी सुमारे तीनशे कामं वीस वर्षांत विभागून करायची, असा कोपनहेगनचा बेत. वीस वर्षं म्हटल्यावर सभागृहातल्यांचा रस जातो हे मी पाहिलंय, पण रस्ता नाहीतरी खोदायचा असतो तेव्हाच त्याचा उतार बदलला तर खर्च बराच कमी होतो.

उताराची गोष्ट निघाली म्हणून एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच मोठ्या अहवालात दिसत नाही. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो. जुना थर खरवडून काढायचा असतो, पण त्याचे पैसे आणि वेळ वाचवायला तसाच वर नवा टाकतात. पाच-सहा थरांत रस्ता फूटभर चढतो. ज्या घराचं जोतं एके काळी रस्त्याच्या वर होतं ते आता खाली जातं, आणि कुठलीही आपत्ती न येता, नेहमीच्या पावसात, पाणी उंबऱ्यावरून आत येतं. ‘खरवडल्याशिवाय बिल मंजूर नाही’ अशी एक ओळ निविदेत घातली की एका प्रभागातल्या तक्रारी कमी होताना मी स्वतः बघितल्या आहेत. तिचं उद्घाटन करता येत नाही, एवढाच तिचा दोष.

इमारतींबद्दल थोडक्यात, कारण तो माझ्यापेक्षा संरचना अभियंत्यांचा प्रांत. १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपात ६,४०० हून जास्त माणसं मेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच जुन्या लाकडी घरांखाली दबून. १९८१ च्या सुधारित नियमांनी बांधलेल्या इमारती बऱ्याच अंशी तगल्या. म्हणजे नियम चालतो, पण तो नव्या इमारतींना लागतो आणि माणसं जुन्यांत राहतात. म्हणून शहराला जुन्या इमारतींची यादी लागते आणि त्यातून क्रम लागतो: आधी रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं, शाळा, मग तळमजल्यावर नुसत्या खांबांवर पार्किंग असलेल्या इमारती. भूकंपात हाच पोकळ मजला आधी बसतो. मेक्सिको सिटीने १९८५ मध्ये आणखी एक शिकवलं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं, पण शहराचा मध्यभाग आटलेल्या तळ्याच्या गाळावर वसलेला. त्या मऊ जमिनीने हादरे वाढवले आणि मधल्या उंचीच्या इमारती सर्वात जास्त पडल्या. खालची माती न तपासता उंची मंजूर करणं हा जुगार आहे.

जोखीम कमी करण्याचं सर्वात सुंदर काम कुठे झालं असं कुणी विचारलं तर मी हाँगकाँगचे उतार सांगतो. १८ जून १९७२ ला तिथे एकाच दिवशी दोन दरडी कोसळून शंभराहून जास्त लोक मेले. १९७६ मध्ये आधीच्याच एका ठिकाणी पुन्हा दरड आली. १९७७ मध्ये सरकारने भूतांत्रिक, म्हणजे माती-खडक-उतारांच्या, कामासाठी वेगळं कार्यालय उभं केलं. पुढे त्यांनी शहरातला प्रत्येक मानवनिर्मित उतार मोजून काढला. सुमारे ६०,००० आहेत. प्रत्येकाला नोंदणी क्रमांक, आणि जागेवर त्या क्रमांकाची पाटी. घराला असते तशी. त्या क्रमांकावरून कळतं की हा उतार कुणाचा, दुरुस्ती कुणी करायची. खासगी असेल आणि मालक ऐकत नसेल तर नोटीस जाते.

हे इतकं मनाला भिडण्याचं कारण म्हणजे माझ्या उमेदीतली वर्षं ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य ऐकण्यात गेली आहेत. नाल्याची भिंत एका खात्याची, काठावरचं झाड दुसऱ्याचं, तळातला गाळ तिसऱ्याचा, नाल्यावरचा पूल भलत्याच यंत्रणेचा. पाणी मात्र एकच. ज्या धोक्याला मालक नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात ओळ नसते. म्हणून कुठल्याही शहराचा आपत्ती आराखडा हातात आला की मी प्रस्तावना वाचत नाही. शेवटची सारणी उघडतो आणि प्रत्येक कामापुढे पदनाम, तारीख आणि लेखाशीर्ष (पैसे अंदाजपत्रकातल्या कुठल्या ओळीतून येणार) आहे का बघतो. ‘संबंधित विभाग’ असं लिहिलेलं असेल तर ते काम होणार नाही.

यंत्रणांचं परस्परावलंबन ही दुसरी झाकलेली खोच. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते. तळघर भरलं आणि कर्मचाऱ्यांनी जिन्यावर रांग लावून हातोहात इंधन वर पोचवलं. शेवटी रुग्ण हलवावेच लागले. असं कोडं प्रत्येक शहरात दडलेलं असतं: पाण्याच्या पंपाला वीज लागते, वीज उपकेंद्र नाल्याकाठी असतं, मोबाइल मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात. सगळ्या यंत्रणांच्या कनिष्ठ अभियंत्यांना (साहेबांना नको, त्यांना जागा माहीत नसते) एका टेबलाभोवती बसवून ‘तुमचं बंद पडलं तर माझं किती वेळ चालेल’ हे एकेकाला विचारत जा. एका दिवसात निम्मी कोडी बाहेर येतात. ख्राइस्टचर्चच्या वीज वितरण कंपनीने भूकंपाआधीच्या वर्षांत उपकेंद्रं बळकट करायला सुमारे ६० लाख डॉलर घातले होते. त्यामुळे ३ ते ५ कोटी डॉलरचं नुकसान टळलं असा अंदाज निघाला.

उष्णतेला आपण अजून आपत्ती मानत नाही, कारण तिच्यात काही पडत नाही, वाहून जात नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादमध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात महागडं काहीच नाही: किती अंशांच्या अंदाजाला कुठला इशारा, तो कुणी कुणाला कळवायचा, पाणपोया कुठे, दवाखान्यात काय तयार ठेवायचं. तिथल्याच एका रुग्णालयात प्रसूती विभाग तापणाऱ्या सर्वात वरच्या मजल्यावरून खाली आणला आणि उष्णतेने आजारी पडून दाखल होणारी नवजात बाळं कमी झाली. एक मजला बदलला, बस.

इशारा आणि सराव यांबद्दल लोकांचा गैरसमज असा की भोंगा वाजला की काम झालं. १९ सप्टेंबर २०१७ ला मेक्सिको सिटीत १९८५ च्या स्मृतिदिनाची दरवर्षीची तालीम सकाळी अकराला पार पडली. सव्वा एकच्या सुमारास खरा भूकंप आला. तिथली इशारा यंत्रणा किनाऱ्यावरच्या दूरच्या भूकंपाला मिनिटभराची सवड देते. या वेळी केंद्र सव्वाशे किलोमीटरच्या आत होतं, त्यामुळे कित्येक ठिकाणी भोंगा आणि हादरा जवळजवळ एकदमच आले. कामी आली ती पायांना पडलेली सवय. आणि कोबेत ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी नि शेजाऱ्यांनीच काढलं होतं, पथकं नंतर आली. शेजारी कोण अंथरुणाला खिळलंय हे गल्लीला माहीत असणं हासुद्धा आराखड्याचा भाग आहे.

आमची एक रंगीत तालीम मी विसरणार नाही. दहा वाजता इशारा सोडायचा होता. संपर्क यादीतल्या पहिल्या बारा क्रमांकांपैकी पाच निवृत्त झालेल्यांचे, एक दिवंगत अधिकाऱ्याच्या घरचा. त्यांच्या पत्नीने फोन उचलला. काय बोलावं ते आमच्या ऑपरेटरला सुचेना. त्या दिवसानंतर यादीत नावं न घालता पदनाम आणि कार्यालयाचा मोबाइल घालायचा, आणि तो दर महिन्याच्या एक तारखेला लावून बघायचा असं ठरलं.

भिंतींचा विषय टाळता येणार नाही, कारण निवडून आलेल्यांना भिंत आवडते. जपानच्या फुदाई गावाचे प्रमुख कोतोकू वामुरा यांनी तरुणपणी १९३३ ची सुनामी पाहिली होती. त्यांनी १५.५ मीटर उंच पूरदरवाजा हट्टाने बांधून घेतला, तो १९८४ मध्ये पुरा झाला. पैशांची उधळपट्टी म्हणून टीका झाली. १९९७ मध्ये ते वारले. २०११ च्या सुनामीत दरवाजामागची घरं वाचली. पण त्याच किनाऱ्यावर तारो गावची दहा मीटर उंचीची, जगभरात नावाजलेली भिंत होती. लाट तिच्यावरून आली, आणि भिंतीच्या भरवशावर काही जण घरातच थांबले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सभेत सोयीची तेवढीच सांगितली जाते. माझं मत विचाराल तर भिंत बांधा, पण तिच्या मागे बांधकाम वाढू देऊ नका, आणि पळण्याचे रस्ते भिंत नाही असं समजून आखा. सहसा होतं उलट: भिंत झाली की मागच्या जमिनीचे भाव चढतात, वस्ती दुप्पट होते, आणि ती फुटते तेव्हा आधीपेक्षा जास्त माणसं सापडतात.

एक काम जवळपास कुणीच करत नाही: आपत्तीनंतर शहर पुन्हा कसं बांधायचं याचा आराखडा आधी करून ठेवणं. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत लोक आहे तिथेच भिंती उभ्या करू लागतात, आणि ते बरोबरच आहे, त्यांना डोक्यावर छत हवं. रस्ता रुंद करायचा, नाल्याचा काठ मोकळा करायचा, तर तेवढ्या पंधरा दिवसांत हातात तयार नकाशा, पर्यायी जागा आणि पैशाची तरतूद लागते. तेव्हा शोधायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की सामान्य माणसाने यात काय करावं. घर घेताना वास्तुरचनेचा नकाशा बघता तसा त्या जागेचा पूरनकाशा आणि मातीचा अहवाल मागा. नाही दिला तर शेजारच्या जुन्या घरात जा, आणि कपाटामागची भिंत दाखवा म्हणा.